सुटे, भाग नऊ

गोफवालीनं काकांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एक कागद खालून वर वाचत होते. कागद धरला होता सरळच, पण बोट शेवटच्या ओळीवर टेकलेलं आणि तिथून एकेक ओळ वर चढत चाललेलं. आयुष्यातलं पहिलं परदेशी यंत्र मागवलंय आणि ते सोडवून देणारा माणूस हा! तिनं शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाकडे पाहिलं.

"घाबरू नका ताई," तो म्हणाला. "त्यांचं वाचणं असंच. म्हणून तर सगळं बंदर त्यांना तळटीप म्हणतं."

लोकांचा माल बंदरावरून सोडवून देणाऱ्या त्या कचेरीत तळटीपकाकांना चौतीस वर्षं झाली होती. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, भिंतीला टेकलेली कपाटं, कपाटांवर दोऱ्यानं बांधलेले गठ्ठे. खिडकीतून बंदराच्या क्रेनी दिसत, पण काकांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून. त्यांचा सिद्धान्त असा, की सरकार वरच्या ओळीत हात सैल सोडतं आणि खालच्या बारीक ओळीत मूठ आवळतं. वरून वाचणारा खूश होऊन मध्येच थांबतो आणि फसतो. खालून वाचणाऱ्याला वाईट बातमी आधी कळते, मग पुढे वाचावं तसतसं बरं वाटत जातं. घरीदारी त्यांचा हाच खाक्या. लग्नाला होकार देतानाही त्यांनी "मात्र" म्हणून खाली दोन ओळी जोडल्या होत्या, असं काकूच सांगायच्या.

गोफवालीचा कारखाना म्हणजे एक लांब खोली, सहा जुनी यंत्रं आणि आठ बायका. बुटांचे बंद, टोप्यांच्या नाड्या, पिशव्यांच्या दोऱ्या असला माल. यंत्रात धाग्याची रिळं उभी असतात आणि लोखंडी खुंट ती रिळं घेऊन एकमेकांना चुकवत गोल फिरतात. खोलीत सगळ्या त्या खुंटांना घोडे म्हणायच्या. जुन्या यंत्रांना बारा-बारा घोडे होते आणि त्यांच्यावर बरं चाललं होतं. मग बाजारात बिनबंदाचे बूट निघाले. पाय सारला की झालं, वाकायचं कामच नाही. जगाची सोय झाली आणि हिच्या कारखान्याचं कंबरडं मोडलं.

ती हातावर हात धरून बसणाऱ्यातली नव्हती. उंच इमारतींच्या काचा पुसणारी माणसं ज्या दोरावर लोंबकळतात तो दोर करायचं तिनं ठरवलं. आत सरळ धाग्यांचा गाभा आणि वरून घट्ट विणलेला गोफ. त्याला बत्तीस घोड्यांचं यंत्र लागतं, आणि तसलं यंत्र देशात कोणी करत नाही.

"तेच आपल्या पथ्यावर पडलंय," काका तिला समजावत म्हणाले. "देशात न होणारं यंत्र, छोट्या कारखान्यानं स्वतःसाठी आणलेलं, तर कस्टमची सवलत आहे. शंभर रुपयांमागे पाचच रुपये जकात. नाहीतर शंभराला सव्वीस."

"आणि खाली काय लिहिलंय?"

काकांनी प्रथमच चष्म्यावरून तिच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना फार कमी जणांनी विचारला असावा. "खाली असं, की सवलत पूर्ण यंत्राला. सुट्या भागांना नाही. लोक यंत्र म्हणून सांगायचे आणि सुटे भाग आणून बाजारात विकायचे, म्हणून. आणि त्याच्याही खाली असं, की ही सवलत या महिन्याअखेर संपते."

सव्वीस भरणं गोफवालीच्या आवाक्याबाहेरचं होतं. सव्वीस म्हणजे यंत्र गोदामातच सोडायचं, हात जोडून घरी यायचं आणि खोलीला कुलूप लावायचं. आठ बायकांना काय सांगायचं याचा विचार तिनं केलाच नव्हता, कारण तो करवत नव्हता.

जहाज आल्यावर काका कस्टमचं घोषणापत्र लिहायला बसले. यंत्र सुटं करून नऊ पेट्यांत आलं होतं. कचेरीची लिहायची एक रीत होती, तुटक आणि नेमकी: आधी नाव, मग अवस्था, मग संख्या. यंत्र गोफाचे, सुटे, भाग नऊ. सुटे म्हणजे खोलून आणलेले, भाग नऊ म्हणजे नऊ पेट्या. चौतीस वर्षं हेच लिहिलं जात होतं आणि कोणाला कधी शंका आली नव्हती. गोफवाली समोर बसली होती आणि काळजीनं तिची जीभ सुटली होती.

"काका, आजवर किती यंत्रं सोडवलीत?"

"दोन हजार एकशे सहा," काका लिहिता लिहिता म्हणाले. "तुमचं एकशे सातवं. दोन हजार धरून."

"बाई गं! चालताना कशी दिसत असतील हो ती?"

पेन थांबलं. काका मान वळवून पाठीमागच्या खिडकीकडे बघू लागले. "चालताना?" ते म्हणाले. "चालताना एकही नाही पाहिलं. मी पाहिली ती पेटीतली." मग पुन्हा वाकून त्यांनी ओळ पुरी केली आणि कागद पुढे गेला.

महिना संपायला दोन दिवस उरले असताना कस्टमचे तपासनीस साहेब गोदामात आले. माणूस वाईट नव्हता, पण कागदाबाहेर पाऊल टाकत नसे. त्यांनी नऊ पेट्यांकडे ओझरतं पाहिलं आणि घोषणापत्र वाचलं.

"सुटे भाग नऊ," ते म्हणाले. "सुट्या भागांना सूट नाही. सव्वीस भरा."

"साहेब, सुटे, भाग नऊ," काका म्हणाले. मध्ये श्वास घेऊन म्हणाले.

"मधला स्वल्पविराम कुठाय?"

काकांनी कागद हातात घेतला. खालून वर वाचला, मग वरून खाली. असं वरून वाचताना त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. एवढीशी शेपटी ती, पण ती राहिली आणि अख्ख्या यंत्राचे सुटे भाग होऊन बसले.

गोफवालीला कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ती जवळच्या पेटीवर बसली. काका मात्र उभेच होते. "साहेब, नियमच आहे. सुटं करून आणलेलं यंत्रही, त्याच्यात पूर्ण यंत्राचा मूळ स्वभाव असेल तर, पूर्णच समजावं."

"असेल तर," साहेब म्हणाले. "मला नऊ पेट्या दिसतायत. स्वभाव कुठल्या पेटीत आहे?"

"जोडल्यावर दिसेल."

"मग जोडून दाखवा. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत. परवा मला वाटलं तरी देता येणार नाही, सवलतच नसेल." त्यांनी दुरुस्तीचा अर्ज पुढे सरकवला. "आणि हा भरा. चूक कोणाची, ते लिहा."

गोफवाली आता सावध झाली. तिनं काकांना पेट्यांच्या आड नेलं आणि हळूच म्हणाली, "काका, लिहून टाका की तिकडच्या कंपनीनंच कागद तसा पाठवला. त्यांना विचारायला कोण जातंय?"

"लिहिता येईल. चूक तिकडची असली तर इथं कोणाला काही होत नाही. इथली असली तर बंदराचा पास जातो. माझा. आणि पासाबरोबर काम."

"मग झालं तर!"

"बाई, तिकडून आलेल्या कागदावर स्वल्पविराम आहे."

"तो कोण बघतंय?"

"मी बघितलाय," काका म्हणाले.

त्यांनी पेटीवरच कागद ठेवून लिहिलं: नोंद करताना माझ्या हातून स्वल्पविराम राहिला, चूक माझी. साहेबांनी ते वाचलं आणि कागदावरून नजर न काढता म्हणाले, "निकालाबरोबर पास जमा होईल. यंत्र पास झालं तरी." काका म्हणाले, "माहीत आहे."

साहेब गेल्यावर गोफवालीच्या डोक्यात उजेड पडला. पेन थांबलं होतं ते तिच्या प्रश्नावर. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, तुम्ही ती ओळ लिहीत होतात आणि मी बडबड करत होते. ते तरी लिहायचं ना."

"प्रश्न चांगला होता," काका म्हणाले. "चूक प्रश्नात नव्हती." आणि ते पेट्यांचे आकडे तपासायला गेले.

गोफवालीचा धाकटा दीर कारखान्यातला मिस्त्री. निरोप गेल्याबरोबर तो पान्यांची पिशवी घेऊन धावत आला. जुनी बारा घोड्यांची यंत्रं तो डोळे मिटून खोलायचा आणि लावायचा, पण नऊ पेट्या उघडल्यावर त्यानं डोक्याला हात लावला. लहानमोठे आठशेच्या वर तुकडे होते. बरोबरच्या नकाशावरची भाषा तिघांपैकी एकालाही येत नव्हती.

"वहिनी, हे महिन्याचं काम आहे," तो म्हणाला. "उद्या पाचपर्यंत कसं होणार?"

"भावोजी, तुम्ही पाना हातात घ्या," ती म्हणाली. "पुढचं पुढे बघू." तिलाही पुढचं काही दिसत नव्हतं, पण कोणीतरी असं म्हणायला हवं होतं.

आणि मग तळटीपकाका रिकाम्या पेटीवर चढून उभे राहिले. हातात पेट्यांची यादी, चष्मा कपाळावर. या माणसानं जन्मात पाना धरला नव्हता. घरातला नळ गळायला लागला तर काकू शेजाऱ्यांना हाक मारायच्या. पण ते बोलायला लागले तसा गोफवालीचा दीर हातातलं काम सोडून त्यांच्याकडे बघतच राहिला.

"आठवी पेटी सगळ्यात जड, म्हणजे बैठक तिच्यात. जड पेटी ते लोक खाली ठेवतात आणि नंबर शेवटून दुसरा देतात. तिथून सुरुवात करा. बैठकीचे बोल्ट तिच्या पेटीत मिळणार नाहीत, पुढच्या पेटीत बघा, नवव्या. कायम पुढच्या पेटीत टाकतात, का ते त्यांनाच ठाऊक. चौथ्या पेटीत मेणकागदात गुंडाळलेलं सातशे ग्रॅमचं काहीतरी आहे. ते वरचं कडं असणार. उघडं ठेवू नका, गंज धरेल."

सातशे ग्रॅमचं कडं निघालं, मेणकागदात. नवव्या पेटीत बोल्ट निघाले, सोळा, यादीत होते तेवढेच. दोन हजार यंत्रं या माणसाच्या डोक्यात पेट्यांनी, वजनांनी, आकड्यांनी रचलेली होती. गठ्ठ्यांत तोंड खुपसून, खिडकीकडे पाठ करून चौतीस वर्षं बसलेला हा कारकून, आणि जगभरातले कारखाने कसे बांधून जहाजावर चढतात ते त्याला मुखोद्गत होतं. गोफवालीला भीतीच वाटली क्षणभर. मंदिरात अचानक घंटा वाजल्यावर वाटते तसली. आपण याला डोक्यानं सैल समजलो होतो, हे आठवून तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यंत्र माणसाच्या खांद्याएवढं उभं राहिलं. बत्तीस घोडे बसवून झाले, रिळं चढवली. गोदामात वीज जोडायची परवानगी नव्हती, म्हणून गोफवालीच्या दिरानं बाजूच्या चाकाला दांडा लावला आणि फिरवला. चाक वीतभर फिरलं आणि कच्चकन अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. तीन वाजले होते.

"घोडे घोड्यांवर आपटतायत," तो म्हणाला. घामानं त्याचा सदरा भिजला होता. "सगळे सारखेच आहेत, वहिनी. बरोबर बसवलेत मी. का अडतंय कळत नाही."

साडेतीनला बत्तीस घोडे काढून पुन्हा बसवले. पुन्हा अडकलं. गोफवाली तिथून उठून दाराशी जाऊन उभी राहिली. पाच वाजता आठ बायकांसमोर उभं राहावं लागणार, हे आता तिला टाळता येत नव्हतं.

काका पेटीवरून खाली उतरले. त्यांनी नकाशा जमिनीवर पसरला आणि स्वतः गुडघ्यांवर बसले. भाषा येत नव्हती, त्यामुळे वाचायचा प्रश्नच नव्हता. ते नुसते तळाकडून वर बघत गेले. अगदी कोपऱ्यात मुंगीएवढी एक चांदणी होती. त्यांनी यादी काढली. यादीत घोडे एका ओळीत नव्हते, दोन ओळींत होते. सोळा, आणि खाली पुन्हा सोळा. दुसऱ्या सोळांपुढे तशीच चांदणी.

"सारखे नाहीत," काका म्हणाले. "सारखे असते तर एकाच ओळीत बत्तीस लिहिले असते. कोणी उगाच शाई वाया घालवत नाही."

दिरानं दोन घोडे उचलून उलटे धरले. वरून तंतोतंत जुळे. पण तळाचा पाय एकाचा उजवीकडे वळलेला, दुसऱ्याचा डावीकडे. सोळा जाणारे आणि सोळा येणारे. त्यानं काकांच्या पायांना हात लावला आणि लगेच कामाला लागला, कारण चार वाजून गेले होते.

पाचला दहा कमी असताना साहेब आले. गोफवालीनं दिराला बाजूला केलं आणि दांडा स्वतः धरला. अडकलं तर आपल्या हातात अडकू दे, असं तिला वाटलं. तिनं फिरवलं.

अडकलं नाही. आधी एक घोडा सरकला, मग त्याच्या शेजारचा, आणि मग बत्तीसही हलले. सोळा या बाजूनं, सोळा त्या बाजूनं, समोरासमोर येत, आता आदळणार आदळणार असं वाटेपर्यंत जवळ येत आणि ऐन वेळी एक आत वळत, एक बाहेर. पुढच्याला चुकवून लगेच त्याच्या पुढच्याला. गुंतावळ व्हायला हवी होती, पण वर मधोमध बत्तीस धागे एका ठिकाणी जुळत होते आणि तिथून पांढरा, गोल, घट्ट दोर निघत होता. कोणी ओढल्यासारखा नव्हे, उगवल्यासारखा निघत होता. गोफवालीनं आयुष्यभर गोफच विणला होता, पण असलं काही तिनं पाहिलं नव्हतं. फिरवताना तिच्या अंगावर काटा आला आणि तो जाईना. ओझी नेणारे हमाल ओझ्यासकट थांबले. साहेबांनी कागद खाली केला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि दोन पावलं पुढे आले.

काका कुठे आहेत म्हणून तिनं पाहिलं. ते यंत्राच्या पलीकडे उभे होते. यादी हातातून खाली पडली होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. तोंड किंचित उघडं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान नव्हतं.

"असं असतं होय," ते म्हणाले. "सगळीच अशी असतील? दोन हजार?"

"सगळीच, काका," गोफवाली म्हणाली. हात थांबवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

साहेबांनी हातभर दोर बोटांत घेऊन दाबून पाहिला. मग पेटीवर कागद टेकवून सुटे भाग या शब्दांवर रेघ मारली आणि वर लिहिलं, यंत्र, पूर्ण. शंभराला पाच. सही केली, वेळही घातली, चार सत्तावन्न. पुढचं त्यांनी मागायच्या आधी काकांनीच खिशातला पास काढला आणि त्यांच्या कागदावर ठेवला. कडा झिजलेला, तरुणपणीचा फोटो असलेला. साहेबांनी तो उचलताना दोन्ही हात वापरले.

यंत्र पुन्हा खोलून पेट्यांत घालून दुसऱ्या दिवशी न्यायचं ठरलं, दीर आवराआवरीला मागे थांबला आणि ही दोघं फाटकाशी आली. पहारेकरी काकांना रोज सलाम करणारा. त्यानं सवयीनं हात पुढे केला, आणि पास नाही म्हटल्यावर त्याची पंचाईत झाली.

"काका, आत आल्याची नोंद आहे तुमची. पासाशिवाय बाहेर तरी कसं सोडू? काहीतरी कागद लागेल."

"बरोबर आहे त्याचं," काका गोफवालीला म्हणाले.

गोफवालीजवळ तिची पाहुण्यांची चिठ्ठी होती. सोबतच्या माणसासाठी खाली एक ओळ असते: नाव, काम, सही. तिनं उभ्या उभ्या ती भरली आणि काकांपुढे सहीला धरली. काका अर्थातच खालून वाचायला लागले. कामाच्या रकान्याशी आले आणि थांबले. तिथं तिनं लिहिलं होतं, कारागीर.

"हे चुकलंय, बाई," ते म्हणाले. "मी कारागीर नाही. कारकून आहे. आता तोही नाही." त्यांनी पेन उघडलं आणि शब्दावर रेघ मारायला टेकवलं.

"काका, दोन दिवस मी तिथं उभी होते," गोफवाली म्हणाली. "जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलंय. खोटं असेल तर खोडा."

पेन त्या शब्दावर टेकलेलं राहिलं. पहारेकरी वाट बघत होता. मागे ट्रकची रांग लागली, कोणीतरी भोंगा वाजवला. काकांनी तो शब्द पुन्हा एकदा वाचला. मग पेन उचलून त्यांनी त्याच्यापुढे सही केली.